चारीवरचा पहारा

गेल्या रब्बी हंगामांत आमच्या चारीचें दार तीन वेळां फुटलें. पहिल्या पाळीस कुलूप तुटलें, दुसऱ्या पाळीस दाराची लोखंडी पाटीच कोणी उपटून नेली, आणि तिसऱ्या पाळीस तर भरावालाच भगदाड पाडून वरच्या शेतकऱ्यांनीं पाणी रातोरात उतरवून घेतलें. टोकाकडील खातेदारांचा हरभरा फुलावर असतांना करपला. गव्हास तिसरें पाणी मिळालेंच नाहीं. मीहि त्या टोकाच्या खातेदारांपैकींच एक आहें, हें आरंभींच सांगून टाकतों. नाहींतर पुढें जें लिहिणार आहें तें ज्याच्या शेतांत पाणी खळखळतें अशा माणसाचें शहाणपण आहे, असें कोणी म्हणेल.

या प्रकारानंतर टोकाची मंडळी माझ्या ओसरीवर जमली. कलेक्टरसाहेबांकडे एक अर्ज करावा, चारीवर पोलीस बसवावे, दार फोडणारांवर फौजदारी खटले भरावे, त्यांच्याकडून दंड जमीन महसुलाची बाकी म्हणून वसूल करावा आणि न भरल्यास जप्ती करावी, असा एकंदर विचार ठरला. माझें सारें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें व अव्वल कारकून म्हणून मी सेवानिवृत्त झालों. तेव्हां असा अर्ज कलमवार लिहून देण्यास गांवांत माझ्याहून योग्य माणूस नाहीं, असें सर्वांस वाटणें साहजिक होतें. मीं अर्ज लिहून दिला नाहीं. त्यावरून कांहीं मंडळी रागावली. एका जुन्या स्नेह्यानें तर "भाऊसाहेब, पेन्शन चालू आहे म्हणून तुम्हांस हरभऱ्याचें दुःख नाहीं," असें तोंडावर ऐकविलें. त्यांचा राग अगदींच अनाठायीं होता असें मी म्हणत नाहीं. परंतु माझ्या नकाराचीं कारणें उभ्याउभ्या चार माणसांत सांगतां येण्याजोगीं नव्हतीं, म्हणून या मासिकाच्या पानांचा आश्रय घेत आहें.

जप्तीचें शस्त्र किती बोथट असतें हें तें रोज हाताळणारासच ठाऊक. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत बाकी वसुलीचे मार्ग पायरीपायरीनें सांगितले आहेत. प्रथम मागणीची नोटीस, मग जंगम मालाची अटकावणी व विक्री, मग स्थावराची जप्ती व लिलांव, आणि इतक्यानेंहि न भागल्यास बाकीदारास अटक व कैद. कागदावर ही शिडी मोठी उंच दिसते. प्रत्यक्षांत मार्च महिना जवळ आला कीं आम्ही कारकून मंडळी नोटिसांचे गठ्ठेच्या गठ्ठे लिहीत असूं, कोतवाल ते दारोदार वांटीत फिरे, आणि त्यांतील बहुतेक नोटिसा भिंतीवरच्या खुंटीस अडकवून ठेवल्या जात. एकदां एका गांवीं आम्ही जप्तीस गेलों. बाकीदाराचें इंजिन व दोन बैल अटकावून चावडीपुढें लिलांव पुकारला. दुपारपर्यंत चावडीसमोरच्या पारावर माणसें बसून होतीं, तंबाखू मळीत होतीं. पण एकानेंहि बोली बोलली नाहीं. ज्याच्या मुलीच्या लग्नांत आपण जेवलों त्याचा बैल चावडीवर विकत घेणें कोणासहि शोभेना. शेवटीं लिलांव तहकूब झाला, इंजिन जागच्या जागीं राहिलें, आणि आमच्या जीपला त्या दिवशीं जितकें डिझेल लागलें तितकीहि रक्कम सरकारांत जमा झाली नाहीं. जमिनीच्या लिलांवाची कथाहि याहून निराळी नाहीं. बोलीच न आल्यानें सरकारच्याच नांवीं चढलेल्या व वर्षानुवर्षें 'आकारी पड' म्हणून दप्तरांत पडून राहिलेल्या जमिनी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हें अधिक सांगावयास नको.

आतां फौजदारीचें पाहूं. चोरून पाणी घेतल्याचा गुन्हा शाबीत करावयाचा म्हणजे पंचनामा पाहिजे, आणि पंचनाम्यास पंच पाहिजेत. हे पंच कोठून आणावयाचे? गांवांतूनच. त्यांच्यापैकीं एकाचा बांध आरोपीच्या बांधास लागून असतो, दुसऱ्याची सोयरीक त्याच भावकींत असते. पंच जागेवर येतात, ओलें शेत डोळ्यांनीं पाहतात, आणि कोर्टांत 'कोऱ्या कागदावर सही घेतली' म्हणून सांगतात. यांत त्यांचा दोष मी धरीत नाहीं. उद्यां त्यांस त्याच वाटेनें बैल न्यावयाचे असतात. पण यांतून एक गोष्ट माझ्या मनांत पक्की झाली. सरकारची सक्ती ही सरकारच्या बळावर चालते असें आपण समजतों, तें खरें नव्हे. तीहि अखेर गांवच्याच साक्षीवर, गांवच्याच सहकार्यावर चालते. जेथें गांव साक्ष देण्यास तयार आहे तेथें पोलिसांची गरज क्वचितच पडते, आणि जेथें गांव तोंड फिरवितो तेथें पोलीस येऊन चहा पिऊन परत जातात.

अर्ज नाकारल्यावर मीं एक गोष्ट केली. भगदाड जेथें पडलें त्या शेताचा मालक माझा दूरचा परिचित आहे. त्याच्याकडे जाऊन बसलों. आपण पाणी घेतलें हें त्यानें नाकबूल केलें नाहीं. तो म्हणाला, "पाळी पंधरा तारखेस सुटेल असें फळ्यावर लिहिलें होतें, ती सुटली अठ्ठाविसाव्यास. पुढची केव्हां येईल हें कोणी सांगेना. डोळ्यांसमोरून पाणी जात असतां मीं तें सोडावें कोणाच्या भरंवशावर?" हा मनुष्य चोर नव्हे. पाळी ठरल्या दिवशीं येईल याची त्यास खात्री असती, तर गरजेपेक्षां दुप्पट पाणी देऊन त्यानें स्वतःच्याच जमिनीची माती केली नसती. टोकास आमचा हरभरा वाळला आणि वर त्याचा कांदा सडला. नुकसान दोन्हींकडे झालें. अविश्वासानें पडलेलें भोंक पोलिसाच्या दंडुक्यानें बुजत नाहीं, असें त्या दिवशीं घरीं परततांना मला वाटलें.

मग या भोंकास उपाय कोणता? माझें शिक्षण मराठी शाळेपुरतें. परदेशांतील विद्वानांचे ग्रंथ मला वाचतां येत नाहींत. पण त्यांची गरजहि येथें वाटत नाहीं, कारण उत्तम दाखला आपल्याच प्रांतांत आहे. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या कांठीं कित्येक पिढ्यांपासून फडपद्धतीनें पाणी दिलें जात आलें आहे. नदीस एकाखालीं एक लहान दगडी बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि पाटाखालील सर्व जमिनीचे तीन किंवा चार मोठे फड. एका फडांत एका वेळीं एकच पीक : एकांत ऊस, दुसऱ्यांत भात किंवा गहूं, तिसऱ्यांत भुसार, आणि वर्षागणिक पिकें फडाफडांतून फिरावयाचीं. या व्यवस्थेचें मर्म असें कीं बहुतेक प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडांत असते. नदीस पाणी कमी आलें तर एखादा फड त्या वर्षीं कोरडा ठेवावयाचा. कोणाचें शेत वाळावें आणि कोणाचें भिजावें, हा प्रश्नच उत्पन्न होत नाहीं. तूट आली तर ती सर्वांच्या वांट्यास सारखी येते.

पाणी सोडण्यासाठीं पाटकरी, पिकाची राखण करण्यासाठीं जागले, आणि त्यांवर देखरेखीस हवालदार, हे सर्व नोकर लाभधारकांनींच नेमावयाचे व त्यांचें वेतन त्यांनींच पिकाच्या रूपानें जमिनीच्या प्रमाणांत द्यावयाचें. पाटकऱ्यास वेतन शेतकऱ्यांच्या खळ्यावरून मिळत असल्यानें तो एकाच्या बाजूनें झुकला तर दुसऱ्यांच्या खळ्यावर त्यास जाब द्यावा लागे. शेतकऱ्यानें स्वतः दारास हात लावावयाचा नाहीं, रात्रीं कंदील घेऊन बांधावर भांडण्याचें कारण नाहीं. गाळ काढण्याचें काम सर्वांनीं मिळून करावयाचें. जो येणार नाहीं त्यानें मजूर द्यावा किंवा पैसे भरावे. आमच्या खात्यांतील कोणा अधिकाऱ्यानें हे नियम करून दिले नव्हते. १८७९ चा मुंबईचा पाटबंधाऱ्यांचा कायदा होण्याच्या फार पूर्वींपासून ते चालत आले होते.

या फडांत सक्ती नव्हती काय? होती. ऊस ज्या फडांत ठरला त्यांत कांदा लावण्याची मुभा नव्हती, आणि नियम मोडणारास दंडहि होता. परंतु ज्यांनीं नियम केला तेच त्या नियमाखालीं राहत होते. हा भेद मला फार मोठा वाटतो. नोटीस लिहिणारा मी कारकून त्या नोटिशीनें कधींच बांधला जात नव्हतों. फडाचे पंच मात्र स्वतःच्याच दंडास पात्र होते. आज या पद्धतीस उतरती कळा लागली आहे हेंहि प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. वरच्या अंगास मोठीं धरणें झाल्यावर नद्यांचें वाहतें पाणी बदललें, विहिरी व विजेचे पंप आले, आणि ज्याची विहीर भरलेली त्यास फडाचें बंधन नकोसें झालें.

जुन्या गांवकीची उगाच आरती ओवाळण्याचाहि माझा हेतु नाहीं. इर्जिक, सावड, वारंगुळा या चाली खरोखर परस्पर साहाय्याच्या होत्या. आज माझी नांगरणी, उद्यां तुझी. तुझा एक बैल, माझा एक बैल. पण त्याच गांवांत वतनाच्या नांवाखालीं गरिबास रात्रंदिवस राबवून घेणारी वेठहि होती, आणि मुंबई राज्यांत १९५८ सालीं कनिष्ठ गांवकामगार वतनें रद्द करण्याचा कायदा झाला तो योग्यच झाला. गांव करील तें सारें राजीखुशीचें, असें मानणारा मनुष्य एक तर गांवांत राहिला नसावा, किंवा पाटलाच्या वाड्यांत राहिला असावा.

जुनें सोडून दिलें तरी अलीकडचा दाखला आहेच. नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यांत वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटास असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांची स्थिति आमच्यासारखीच होती : कागदोपत्रीं भिजणारें क्षेत्र, आणि प्रत्यक्षांत पाणी वरच गडप. त्यांनींहि अर्ज केले असतीलच. परंतु १९९१ सालीं समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या पुढाकारानें तेथें महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे हीं त्या कामांतील प्रमुख नांवें. वाघाडच्या मंडळींनीं एकराच्या हिशेबानें नव्हे, तर मोजून, घनफळानें पाणी मागितलें. मोजून घेतलेलें पाणी मनुष्य जपून वापरतो, हा व्यवहार आहे. मापी दूध घेणारी गृहिणी तें ओतूं देत नाहीं. पाळीच्या वेळीं मिळालेलें पाणी त्यांनीं नाल्यांवरील बंधाऱ्यांत साठविलें, त्यानें विहिरींस पाझर फुटले, आणि टोकाच्या त्या शेतांतून पुढें द्राक्षाचे मळे उभे राहिले. टोकाचें पाहून वरचेहि जागे झाले, सर्व कालव्यावर संस्था झाल्या, व २००३ सालीं सबंध प्रकल्पाची एक संस्था बनली. यांतील क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. तीन संस्थांपासून आरंभ झाला, आणि प्रकल्पाची संस्था होण्यास एक तप लागलें.

पुरंदर तालुक्यांत विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर नायगांव येथें आरंभलेली पाणीपंचायत तर याहून धाडसाची. पाणी जमिनीच्या मानानें नव्हे, तर माणसांच्या संख्येनें वांटावयाचें, माणशी अर्धा एकर व कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनासहि वांटा, आणि उसास मज्जाव. आपल्यासारख्या खातेदारांस हा नियम कडू लागेल, आणि मलाहि तो सर्वस्वीं पचला आहे असें नाहीं. पण तो कोणा मामलेदारानें लादलेला नव्हता, ज्यांस पाहिजे त्यांनीं तो पत्करून खर्चाचा आपला हिस्सा पदरचा घातला, हें विसरतां येत नाहीं.

येथें वाचक विचारतील कीं, सरकारनें २००५ सालीं शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केलाच आहे, मग आमच्या चारीवर संस्था नाहीं काय? आहे. तिचा फलकहि आहे. या कायद्यांतील कित्येक गोष्टी उत्तम आहेत : संस्थेस मोजून पाणी देण्याचें बंधन, आपल्या हिश्शाच्या पाण्यावर हवें तें पीक घेण्याची मोकळीक, आणि संचालक मंडळांत शिराचे, मधले व टोकाचे अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधि. फडाच्या पंचांसहि हें पटलें असतें. पण त्या कायद्यानें एक गोष्ट उलटी केली आहे. क्षेत्र ठरवून दिलें कीं त्यांतील सर्व खातेदार आपोआप सभासद होतात, व संस्थेवांचून एकेकट्यास पाणी मिळत नाहीं. म्हणजे सहकार्य हेंच हुकुमानें करावयाचें! हेतु वाईट नाहीं. चार लोक बाहेर राहिले तर पाटावर संस्था चालत नाहीं, हें मलाहि कळतें. पण परिणाम असा झाला कीं वाघाडला जें बारा वर्षांत पिकलें तें पुष्कळ ठिकाणीं एका परिपत्रकांत उरकण्यांत आलें. आमच्या संस्थेच्या पहिल्या सभेचा वृत्तान्त मीं वाचला आहे. त्यावर सह्या पुष्कळ आहेत. सभा झाल्याचें मात्र कोणास आठवत नाहीं. आपण कोणत्या संस्थेचे सभासद आहों हें आमच्या चारीवरील निम्म्या खातेदारांस ठाऊक नाहीं, मग तिचा नियम त्यांनीं आपला म्हणून कसा पाळावा?

ही आपली जुनीच खोड आहे. १८७५ सालीं सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यावर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला, आणि पुढें १९०४ सालीं सरकारनेंच सहकारी पतपेढ्यांचा कायदा करून सहकार वरून खालीं उतरविला. विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें प्रवरेच्या कांठीं साखर कारखाना उभा केला, तेव्हां शेतकऱ्यांच्या घरोघर भाग विकावे लागले, आणि म्हणून तो शेतकऱ्यांचा झाला. पुढें भागभांडवल सरकारचें, हमी सरकारची, बिघडलें कीं प्रशासकहि सरकारचा, अशी वहिवाट पडली. ज्या घराचें भाडें दुसरा भरतो त्या घराचें छप्पर गळूं लागलें तर आपण शिडी शोधीत नाहीं, मालकास निरोप धाडतों.

टोकाच्या मंडळींचा एक आक्षेप खराखुरा आहे, आणि तो टाळून जाणें मला अप्रामाणिक वाटतें. ते म्हणतात, "गोडीगुलाबीनें नऊजण ऐकतील, दहावा ऐकणार नाहीं, त्याचें काय करावयाचें?" त्या दहाव्यासाठीं कायदा असावा, आणि तो वापरावाहि. परंतु पहिल्याच दिवशीं दहाहि जणांस दहावा समजून अर्ज केला, तर नऊजण त्याच्या पाठीशीं उभे राहतात. आधीं पाळीची तारीख सर्वांसमक्ष ठरावी, शेजपाळी टोकाकडून शिराकडे यावी, पाटकरी आपण नेमून त्याचा पगार आपण द्यावा, आणि कोणी किती तास पाणी घेतलें हें चावडीवर मोठ्यानें वाचून दाखवावें. एवढें झाल्यावरहि जो दार फोडील त्याच्याविरुद्ध साक्ष द्यावयास शिराचेच शेतकरी पुढें येतील, आणि तो अर्ज मी एका बैठकींत लिहून देईन.

सरकारास मात्र या निमित्तानें सुटका देऊं नये. चारीच्या मुखाशीं ठरलेलें पाणी ठरल्या दिवशीं पोंचविणें हें सर्वस्वीं त्याचें काम आहे. तेथें मोजयंत्र बसविणें आणि फुटका कालवा आमच्या गळ्यांत बांधण्यापूर्वीं तो नीट करून देणें हेंहि त्याचेंच काम. पाळी तेरा दिवस उशिरां आली त्याचा जाब आम्ही विचारलाच पाहिजे, आणि त्या जाबाचा अर्ज मीं लिहिला आहे. त्यावर शिराच्या अकरा खातेदारांच्या सह्या झाल्या आहेत. भगदाड पाडणाऱ्या त्या गृहस्थाची सही तिसरी आहे.

एक अडचण अजून सुटलेली नाहीं. शिराकडील मंडळी म्हणतात कीं चारीचा पहिला भाग गाळानें भरला आहे, त्यामुळें दार पुरें उघडूनहि त्यांच्या उंच वाफ्यांवर पाणी चढत नाहीं, आणि म्हणून त्यांस भराव फोडावा लागतो. मीं जाऊन पाहिलें. गाळ मांडीइतका आहे. टोकाच्या मंडळींपुढें मीं असें मांडलें आहे कीं शिराचा हा गाळ यंदा आपण काढावा. "ज्यांनीं आमचा हरभरा वाळविला त्यांचा गाळ आम्ही कां उपसावा?" असा प्रश्न लागलीच आला, आणि त्यास माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हतें. माझ्या स्नेह्यानें तर मान फिरविली. तरी सातजणांनीं होकार दिला आहे. चारी वैशाखांत कोरडी असते. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहा वाजतां आम्ही मुखाशीं जमणार आहों. येणारानें आपलें फावडें व घमेलें आणावें. भाकरीची व्यवस्था शिराच्या मंडळींनीं आपण होऊन अंगावर घेतली आहे.